चाक फिरतं, गाडी वळत नाही!



चकलीचा सोऱ्या आणि मोटारगाडीचं स्टीअरिंग यांचा काही संबंध असेल का हो? हसू नका. आहे, आणि चांगला घट्ट आहे!

सोऱ्यातली चकलीची चकती हातात घेऊन बघा. तिचं भोक गोल नसतं, चांदणीसारखं दात्यादात्यांचं असतं. त्यातून पडणारी चकलीही तशीच दात्यांची. आता कल्पना करा, ही चकली लोखंडाची आहे आणि चकतीच्या भोकातच अडकून उभी आहे. तुम्ही चकती धरून फिरवलीत. काय होईल? चकलीलाही फिरावंच लागेल, कारण चकलीचे दाते चकतीच्या खाचांत बसलेत. पण चकलीच्या जागी गुळगुळीत जाड शेव असती तर? चकती गरगर फिरली असती आणि शेव आपली जागच्या जागी ढिम्म!

मोटारीत स्टीअरिंगचं चाक असंच बसवलेलं असतं. चाकाच्या मधोमध धातूचा एक जाड तुकडा असतो. गॅरेजमधली मंडळी त्याला ‘बॉस’ म्हणतात. (आणि हा बॉस खरोखरच सगळ्यांना फिरवतो!) बॉसच्या भोकाला आतून दाते, म्हणजे ही आपली चकती. खालून वर येणाऱ्या पोलादी दांड्याच्या टोकाला बाहेरून दाते, म्हणजे ही आपली चकली. दाते खाचांत बसवायचे, वरून एक नट आवळायचा, झालं. तुम्ही चाक वळवलं की दांडा वळतो आणि पुढे एका जोडातून दुसऱ्या जोडात जात जात ते वळण थेट रस्त्यावरच्या चाकांपर्यंत पोचतं. या दात्यांना म्हणतात ‘स्प्लाइन’.

घरी मोटार नसेल तर मोटारसायकल बघा. इंजिन थंड असताना बघायचं हं, नाहीतर सायलेन्सर चटका देईल. किकची दांडी, किंवा किक नसेल तर गिअरची दांडी, ज्या कण्यावर बसवलेली असते त्याच्या टोकावर हेच दाते दिसतात. काही नळांच्या मुठीच्या आतही असतात. ते झिजले की मूठ नुसती फिरत राहते आणि पाणी काही बंद होत नाही.

किकचे दाते झिजल्यावरची गंमत तर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा किक मारतात, दांडी खर्रकन खाली जाते आणि इंजिन गप्प. मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक पत्र्याची एक पट्टी कापतो, दात्यांमध्ये सारतो, बोल्ट आवळतो आणि म्हणतो, “जावा आता.” महिना-दोन महिने काम भागतं. मला या पट्टीत काही वावगं वाटत नाही. पट्टी सरकली तर काय होईल? गाडी ढकलावी लागेल. घाम येईल, शाळेला उशीर होईल, बाई रागावतील. एवढंच.

पण हीच पट्टी स्टीअरिंगच्या दात्यांत घातली तर?

थांबा. त्याआधी त्या दात्यांवर किती भार येतो ते पाहू. अगदी सुरुवातीच्या मोटारींना स्टीअरिंगचं चाक नव्हतंच, होडीच्या सुकाणूला असते तशी दांडी असायची. 1894 साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ अशी मोटारींची चढाओढ झाली, तेव्हा आल्फ्रेड वाशेराँ यांनी आपल्या पानार गाडीला गोल चाक लावलं होतं. पुढे चाकच रुळलं. चाकाचा फायदा असा की त्याच्या कडेवर थोडं बळ लावलं तरी मधल्या दांड्यावर पुष्कळ बळ पोचतं.

किती? वही घ्या. चाकाचा व्यास 38 सेंटिमीटर धरू, म्हणजे मध्यापासून कड 19 सेंटिमीटरवर. दांड्याचा व्यास 16 मिलिमीटर धरू, म्हणजे दाते मध्यापासून 8 मिलिमीटरवर. 190 भागिले 8, जवळजवळ 24. म्हणजे कडेवर लावलेलं बळ दात्यांपाशी 24 पट होतं! ड्रायव्हरने दोन्ही हातांनी मिळून 10 किलोचा जोर लावला, तर दात्यांवर 240 किलोचा. घाटातल्या वळणावर किंवा उभ्या गाडीची चाकं वळवताना एवढा जोर सहज लागतो.

आता दाते 36 आहेत असं समजू. सगळे नीट बसलेले असतील तर हा भार वाटला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला सातएक किलो. पोलादाच्या दात्याला त्याचं काहीच नाही. पण चाक तिरकं बसवलं असेल आणि तीनच दाते टेकत असतील, तर प्रत्येकावर 80 किलो! एकेका दात्यावर एकेक मोठा माणूस उभा! मग तो दाता वाकणार, सोलला जाणार आणि आपला भार शेजाऱ्यावर टाकणार. शेजारीही जाणार. दाते असे रांगेने जातात.

आता नटाचं काम काय, ते पुष्कळ मोठ्या माणसांनाही नीट ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, नट घट्ट आहे म्हणजे चाक पक्कं. वळवण्याचं काम नट करत नाही, दाते करतात. नटाचं काम दात्यांना दाबून जागेवर बसवून ठेवण्याचं. पुष्कळ गाड्यांत दांड्याचं टोक वर किंचित निमुळतं असतं. नट आवळला की बॉस त्यावर पाचरीसारखा बसतो आणि दात्यांमध्ये केसाएवढीही फट राहत नाही. नट सैल राहिला की फट पडते. फट पडली की प्रत्येक वळणाला दाता दात्यावर आपटतो. दार हाताने ढकलणं वेगळं आणि त्यावर धक्के मारणं वेगळं, नाही का? रोज शेकडो धक्के.

म्हणून तो नट किती आवळायचा हे गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात छापलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत ते 30 ते 50 न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. 30 न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्ह्याच्या टोकाला सुमारे 12 किलो वजन टांगल्याइतका जोर. हे मोजणारा खास पान्हाच मिळतो, टॉर्क रेंच.

एवढं सगळं असूनही चुका होतात, आणि मोठमोठ्या कारखान्यांतही होतात बरं का. मार्च 2018 मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे 13 लाख 80 हजार गाड्या परत बोलावल्या. स्टीअरिंगचा बोल्ट सैल होऊन चाक निघून येण्याचा धोका होता. मार्च 2023 मध्ये तर अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याने टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल वाय’ या गाडीची चौकशी सुरू केली. दोन नव्या कोऱ्या गाड्यांचं स्टीअरिंग चालता चालता निघून आलं होतं. उघडून पाहिलं, तर बोल्टच नाही! लावायचाच राहिला होता. मग तोवर चाक कशाने राहिलं होतं? नुसत्या दात्यांच्या घट्ट पकडीने. हीच तर फसवणूक आहे. बोल्ट नसला तरी गाडी लगेच तक्रार करत नाही. वळते, धावते, आणि मग एका वळणावर चाक हातात येतं.

आता आमच्या तालुक्याच्या गावी काय झालं ते सांगते. एसटी स्टँडमागे एक गॅरेज आहे. तिथल्या काकांचा नातू माझ्या वर्गात होता, त्यामुळे जाता-येता बोलणं होतं. मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ जुनी छोटी गाडी घेऊन आले. हौसेने त्यांनी मूळ स्टीअरिंग काढून बाजारातलं चकचकीत, लहान चाक लावून घेतलं होतं. त्याचा बॉस ॲल्युमिनियमचा. गाडी लावायला म्हणून त्यांनी अंगणात चाक वळवलं, तर ते अख्खं गोल फिरलं आणि गाडी सरळच गेली. तुळशीवृंदावनाला टेकून थांबली. नशीब अंगणात, आणि नशीब पहिल्या गिअरमध्ये.

काकांनी आधी खात्री केली, कारण स्टीअरिंग ढिलं लागायला इतरही कारणं असतात. खाली दांड्याचे सांधे असतात, तेही झिजतात. काकांची युक्ती सोपी. हॉर्नची टोपी काढली आणि बॉसवरून दांड्यावर जाईल अशी खडूची एक सरळ रेघ ओढली. मग चाक हलवलं. रेघ तुटली, बॉसवरची निम्मी रेघ पुढे गेली आणि दांड्यावरची निम्मी तिथेच राहिली. दोष दात्यांतच! शाळेतल्या खडूच्या तुकड्याने एवढं मोठं निदान होतं, हे मला फार आवडलं.

मग नट ढिला केला, पण पूर्ण काढला नाही. दोन-तीन आटे तसेच ठेवले. का? चाक एकदम निसटून तोंडावर येऊ नये म्हणून. मग पुलर लावून चाक हळूहळू वर ओढलं. हातोड्याने ठोकायचं नाही. अपघातात छातीवर मार बसू नये म्हणून आजच्या गाड्यांचा हा दांडा दाबला गेला की आत जाईल असा केलेला असतो, ठोकलं तर ती रचनाच बिघडते.

बॉस निघाला. भोकात दाते कुठले? गुळगुळीत! आणि काळसर भुकटी. खालचा पोलादी दांडा मात्र जवळजवळ जसाच्या तसा होता, दोन दात्यांच्या कडा तेवढ्या दबल्या होत्या. मऊ धातू आणि कडक धातू भांडले की मऊ हरतो.

ते गृहस्थ घाईत होते. दुसऱ्या दिवशी पुतणीच्या लग्नाला जायचं होतं, वाटेत घाट. म्हणाले, “काका, वेल्डिंगचे दोन टाके मारून द्या. उद्यापुरतं.”

काका म्हणाले, “दादा, स्टीअरिंगला मी वेल्डिंग मारत नसतो.”

“मग पत्रा घाला आत. गोंद घाला. पैसे डबल घ्या.”

“पैशाचं न्हाई वो ते. गाडीत पोरं बसणार हाईत न्हवं?”

गृहस्थ रागावले, जरा वेळ फोनवर बोलले, आणि शेवटी लग्नाला एसटीने गेले.

काकांचं बरोबर होतं का? माझ्या मते शंभर टक्के. वेल्डिंगच्या आचेने जवळच्या पोलादाचा कडकपणा बदलतो, ते ठिसूळ होऊ शकतं. वरून टाका छान दिसतो, आत तडा गेलेला दिसत नाही. शिवाय चाक पुढे कधी काढायचं झालं तर कापावंच लागणार. पत्रा दबतो, फट पुन्हा पडते. गोंद थंडीत कडक, उन्हात नरम, आणि दर वळणाच्या धक्क्याने सुटत जातो. काही जण बॉस आणि दांडा आरपार भोक पाडून खिळा ठोकतात. तेही नको, ज्या जागी सगळ्यात जास्त पीळ पडतो तिथेच दांडा पोकळ करायचा म्हणजे काय! आणि या सगळ्या युक्त्या सुटतात केव्हा? जास्तीत जास्त जोर लावाल तेव्हा, म्हणजे अगदी नेमक्या वळणावर.

मग दुरुस्ती कशी झाली? तशी साधीच. बॉसचे दाते गेले तर बॉस बदलायचा. काकांनी त्या गाडीचं मूळ पोलादी बॉसचं चाक मागवलं. दांड्याच्या दोन दात्यांच्या दबलेल्या कडा बारीक त्रिकोणी कानशीने साफ केल्या, अगदी हलक्या हाताने, कारण कानस जरा जास्त चालली की नवी फट तयार! मग दांड्याच्या दात्यांवर निळ्या रंगाचा पातळ थर दिला, चाक बसवलं आणि परत काढलं. बॉसमध्ये निळा रंग कुठे कुठे उमटला ते पाहिलं. शिक्का उठावा तसा सगळीकडे उठला तर सगळे दाते टेकतात, अर्धाच उठला तर बसणी चुकली. रंग पुसला, समोरची चाकं सरळ केली, स्टीअरिंग सरळ धरून बसवलं आणि टॉर्क रेंचने नवा नट आवळला.

‘सरळ धरून’ हे सोपं वाटतं ना? 36 दाते असतील तर एक दाता चुकला की चाक किती अंश तिरकं बसेल? 360 भागिले 36. बरोबर, 10 अंश. गाडी सरळ आणि चाक वाकडं! म्हणून काही गाड्यांत एक दाता मुद्दाम वेगळा, रुंद ठेवतात. मग चाक एकाच तऱ्हेने बसतं.

दांड्याचेच दाते गेले तर दांडा बदलायचा. पण गाडी फार जुनी असेल, दांडा कुठेच मिळत नसेल, तर? तर तो बनवावा लागतो. आमच्या कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत असली कामं करणारे कसबी कारागीर आहेत. आणि आता येते खरी गंमत, कारण आता लागतात अपूर्णांक! (“बाई, अपूर्णांक कशाला शिकायचे?” असं विचारणाऱ्यांनी कान टवकारा.)

गोल दांड्यावर अगदी सारख्या अंतराचे 36 दाते कापायचे कसे? पट्टीने मोजून? शक्यच नाही. त्यासाठी मिलिंग मशीनवर ‘डिव्हायडिंग हेड’ नावाचं एक यंत्र बसवतात. त्याचं हँडल 40 वेळा फिरवलं की पुढे धरलेला दांडा बरोबर एकदा फिरतो. आपल्याला दांडा एका वेळी एक-छत्तिसांश फिरवायचा आहे. म्हणजे हँडल किती फिरवायचं? 40 भागिले 36. एक पूर्ण आणि चार-छत्तिसांश, म्हणजेच एक पूर्ण आणि एक-नवमांश फेरा.

आता एक-नवमांश फेरा डोळ्यांनी कसा मोजणार? त्यासाठी हँडलमागे एक भोकांची चकती असते. (पुन्हा चकती!) तिच्यावर वेगवेगळ्या वर्तुळांत सारख्या अंतरावर भोकं असतात. 18 भोकांचं वर्तुळ घ्यायचं. 18 चा एक-नवमांश म्हणजे 2. झालं! एक खाच कापायची, हँडलचा एक पूर्ण फेरा आणि वर 2 भोकं पुढे, पिन अडकवायची, पुढची खाच. असं 36 वेळा. पडताळा बघा: एक फेरा म्हणजे 18 भोकं, अधिक 2, मिळून 20. 20 गुणिले 36 बरोबर 720. आणि 40 फेऱ्यांची भोकं? 40 गुणिले 18, तेही 720. शेवटची खाच पहिलीला येऊन बरोबर मिळते.

एकदा जरी 2 ऐवजी 3 भोकं मोजली तर पुढचे सगळे दाते सरकतात आणि दांडा भंगारात. म्हणून कारागीर त्या वेळी कुणाशी बोलत नाहीत. चहा आला तरी बघत नाहीत! आयटीआयमध्ये मशिनिस्टच्या अभ्यासक्रमात हे यंत्र शिकवतात. तुमच्यापैकी कुणी दहावीनंतर तिकडे गेलात तर ओळख लागेल.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून ऐका. हे सगळं वाचून घरच्या गाडीचं स्टीअरिंग उघडायला जाऊ नका. आजच्या गाड्यांत चाकाच्या पोटात एअरबॅग असते, ती फुगवायला आत दारू भरलेली असते, आणि ती चुकून उडाली तर हात-तोंड भाजतं. ते काम शिकलेल्या माणसाचं, तेही आधी बॅटरी सोडून. तुमचं काम डोळे आणि कान उघडे ठेवण्याचं. सरळ रस्त्यावर चाक वाकडं दिसतंय का, हलवल्यावर कट्कट् वाजतं का, ड्रायव्हरचा हात हलतो आणि गाडी जरा वेळाने वळते का. असं काही दिसलं तर गाडी घाटात शिरायच्या आधी सांगायचं. मागच्या सीटवरून सांगितलं तरी चालतं.

आणि हो, कोडं राहिलंच. डिव्हायडिंग हेड तेच, 40 फेऱ्यांचं. चकतीवर 15, 16, 17, 18, 19 आणि 20 भोकांची वर्तुळं आहेत. पहिला प्रश्न: 48 दाते कापायचे आहेत आणि 18 भोकांचं वर्तुळ वापरायचं आहे, तर दर दात्याला किती भोकं पुढे जायचं? (इथे पूर्ण फेरा लागतो का, ते नीट पाहा.) दुसरा प्रश्न: 25 दात्यांसाठी 18 चं वर्तुळ चालेल का? नसेल तर कोणतं घ्याल? दोन उत्तरं निघतात.

उत्तरं पुढच्या अंकात.